पहाटे २ ला मुंबईत लँडिंग, संध्याकाळी गुहागर: असले प्लॅन वाटणाऱ्यांना उत्तर

खाडीपलीकडे
डिसेंबरात कॅलिफोर्नियातल्या बे एरियातून येणाऱ्या एका जोडप्याने इथे चार दिवसांची कोकण किनाऱ्याची सफर विचारली होती. त्यावर फिरस्ता_७४ यांनी दिलेला प्लॅन असा: पहाटे २ ला उतरा, ३ ला स्वतः स्टिअरिंग हातात घ्या, सूर्योदयाला अलिबाग, संध्याकाळी गुहागर, दुसऱ्या दिवशी रत्नागिरी, तिसऱ्या दिवशी वेंगुर्ला, चौथ्या दिवशी परत. "विमानात झोप होतेच." याला पन्नासेक लाइक!

आधी रस्त्याचं बघू. अलिबाग ते गुहागर किनाऱ्याने दोनशेच्या आतबाहेर किलोमीटर. वाटेत आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी आणि दाभोळ-धोपावे अशा तीन जेट्या, म्हणजे गाडी फेरीबोटीवर चढवून खाडी ओलांडायची. गावांतून, बोळांतून, वळणांवरून तासाला ३० पडले तरी नशीब समजा. म्हणजे साडेसहा तास, वर प्रत्येक जेटीचे रांगेसकट पाऊणेक तास. नऊ तास गाडीतच गेले. काशीदला पाय कधी बुडवणार, मुरूडला जेवणार कधी?

आता झोप. हिवाळ्यात कॅलिफोर्निया आपल्या साडेतेरा तास मागे. शरीराची मध्यरात्रीनंतरची सर्वात जड वेळ, रात्री २ ते सकाळी ६, इथे दुपारी साडेतीन ते साडेसात अशी येते. श्रीवर्धनला त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. म्हणजे ज्या तासाला समुद्र सगळ्यात देखणा, नेमक्या त्याच तासाला डोळे मिटणार. शरीराचं घड्याळ दिवसाला फार तर तासाभराने सरकतं, चार दिवसांत ते काही जुळत नाही. न्यूजर्सीवाल्यांची खराब वेळ दुपारी साडेबारा ते साडेचार, लंडनवाल्यांची सकाळी साडेसात ते साडेअकरा. कुठून आलात त्यावर कधी चालवायचं ते ठरतं. सगळ्यांना एकच वेळापत्रक काय देता?

फिरस्ता_७४
पीएचडी झाली का? पहाटेच निघायला सांगितलं त्याला कारण आहे. विमानतळाच्या टी-२ टर्मिनलवरून शिवडी, तिथून अटल सेतू, २१.८ किमी, गाडीला २५० रुपये टोल, आणि उजाडायच्या आत वडखळ मागे पडतं. तुमच्यासारखं झोपून अकराला निघालं तर माणगावात रांगेत बसून झोप पूर्ण करा. आणि तुमच्याच गणिताने बे एरियावाल्याला पहाटे ४ म्हणजे तिकडची दुपारी अडीच. टक्क जागा असणार तो!

खाडीपलीकडे
घड्याळाने जागा, पण विमानात वीस तास बसून झोपेची उधारी केवढी? दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सलग १७ तास जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्यासारखी मंदावते, हे १९९७ सालीच मोजलंय. आपल्याकडे कायद्याची मर्यादा ०.०३ आहे. ८० च्या वेगाला तीन सेकंद डुलकी लागली की गाडी ६५ मीटरच्या वर आंधळी जाते. पहाटेची वेळ चांगली हे कबूल, पण दुसऱ्या दिवसाची पहाट. पहिल्या दिवसाची नाही.

फिरस्ता_७४
मग ड्रायव्हर घ्या! विषय संपला.

तिसरा_गिअर
विषय इथूनच सुरू होतो. "ड्रायव्हर घ्या" म्हणणाऱ्यातला एकही जण विचारत नाही की तो झोपला कधी. पहाटे २ च्या विमानाला टी-२ वर हजर राहायचं तर तो पनवेलहून १ ला निघणार. आदल्या दिवशी त्याची ड्युटी असेल तर सकाळी ६ पासून जागा. तुम्ही बाहेर याल साडेतीनला, तेव्हा त्याचे साडेएकवीस तास झालेले. मागे तुम्ही घोरताय, पुढे तो तंबाखूवर गाडी ओढतोय. १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा (२०२५ पर्यंत होता तो) दिवसाला आठ तास सांगायचा, पण पाचपेक्षा कमी कामगार असलेल्या मालकाला तो लागूच नव्हता. बुकिंग करताना लेखी विचारा: आदल्या दिवशी गाडी कुठे होती, ड्रायव्हर तोच का, रात्रभत्ता किती, मुक्कामी त्याला खोली की गाडीतच झोपायचं? आणि किलोमीटर गॅरेज टू गॅरेज, म्हणजे मालकाच्या गॅरेजमधून निघून परत तिथे पोचेपर्यंतचे धरतात, दिवसाला किमान २५० किंवा ३०० चे पैसे लागतात. छोट्या सफरीत तुम्ही ८० किमी फिरलात तरी.

मालवणी_तिखट
मुंबईतून निघायचंच कशाला? मूळ प्लॅनमध्ये सगळ्यात मोठी चूक दिशेची आहे आणि ती कोणाला दिसत नाही. उत्तरेकडून दक्षिणेला गेलात की समुद्र उजवीकडे. आपण डावीकडून चालवतो, म्हणजे समुद्राच्या बाजूची लेन समोरून येणाऱ्यांची. डावीकडे बसलेल्या बायकोला चार दिवस दरड आणि चिऱ्याचे गडगे. फोटोला थांबायचं तर दर वेळी रस्ता ओलांडा. दक्षिणेकडून वर या: समुद्र डावीकडे, थांबायची जागा डावीकडे, दार उघडलं की पुळण.

गोव्यातल्या मोपा विमानतळाला उतरा. रेडी, शिरोडा, मोचेमाड, वेंगुर्ले, दोन रात्री तिथेच. मग मालवण, आचरा, कुणकेश्वर, देवगड. परतताना महामार्ग ६६ ने कणकवली, कुडाळ, बांदा. आमच्या जिल्ह्यातला महामार्ग कधीच पूर्ण झालाय, बोंबलायचं ते रायगडवाल्यांनी.

फिरस्ता_७४
वा! आणि बॅगा? परदेशातून आलेल्या माणसाला मुंबईतच सामान उचलून कस्टम पार करून पुन्हा चेक-इन करावं लागतं. पुढचं तिकीट वेगळं काढलं असेल तर तिथे १५ किलोची मर्यादा. दोन-दोन बॅगा २३ किलोच्या घेऊन आलेल्याने जास्तीचे पैसे मोजायचे. विमान टी-१ चं असेल तर रस्त्याने तिकडे जा. त्यात गोव्यातल्या बऱ्याच भाड्याच्या गाड्या करारानेच राज्याबाहेर नेता येत नाहीत.

मालवणी_तिखट
एकाच तिकिटावर बुक करा, सामानाचा नियम बहुतेक वेळा आंतरराष्ट्रीयच राहतो. गाडी सावंतवाडीची सांगा, विमानतळावर घ्यायला येते. झालं?

खाडीपलीकडे
दिशेचा मुद्दा शंभर टक्के बरोबर, आणि तो मुंबईतूनही साधतो. पहिली रात्र विमानतळाजवळ. दुसऱ्या दिवशी पहाटे ५ ला अटल सेतू, पेण, कोलाड, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन. गाडी ठरवलेली, ड्रायव्हर झोपलेला. तिथे दोन रात्री. मग किनाऱ्याने वर: आरावी, शेखाडी, दिवेआगर, दिघीहून जेटीने आगरदांडा, मुरूड, काशीद, रेवदंडा, अलिबाग, आणि मांडव्याहून रो-रोने गाडीसकट भाऊचा धक्का. समुद्र सगळीकडे डावीकडे, जेटी एकच, आणि रविवार संध्याकाळच्या पेण-वडखळच्या कोंडीतून सुटका. आरावी ते शेखाडी हा तुकडा सकाळी ८ च्या आत करा. भिंतीखाली लाटा असतात आणि रस्ता रिकामा.

भांगाची_भरती
जेटीचं सगळे "पाऊणेक तास" म्हणून सोडून देताय. पाणी किती आहे ते बघा की! ओहोटीला बोट खाली बसते आणि धक्क्याचा उतार उभा होतो. सेडानचा पुढचा बंपर नाहीतर मागचा ओठ रॅम्पच्या सांध्यावर घासतो. उतारावर खालचा भाग शेवाळलेला असतो, तिथे ब्रेक मारून थांबलात की गाडी घसरते. वरच थांबायचं, माणसं आणि म्हातारे उतरवायचे, खलाशाने हात केला की पहिल्या गिअरमध्ये न थांबता सरळ आत. आत गेल्यावर गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला.

भरतीची वेळ काढायला ॲप लागत नाही. तिथी गुणिले तीन, भागिले चार. चतुर्थीला भरती ३ ला, ओहोटी ९ ला. अष्टमीला भरती ६, ओहोटी १२, पण तो भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, चिंता नाही. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाला. जोर पुढे एक-दोन दिवस राहतो. म्हणजे पौर्णिमेच्या सहलीत सूर्यास्ताची जेटी धरू नका.

फिरस्ता_७४
म्हणजे आता एनआरआयने पंचांग घेऊन फिरायचं 🙏 हजारो गाड्या रोज जातात हो, कोणी तिथी मोजत नाही.

भांगाची_भरती
रोज जाणाऱ्यांना मोजावी लागत नाही, त्यांना दिसतं. कॅलिफोर्नियात ऑटोमॅटिक चालवणाऱ्याला भाड्याच्या मॅन्युअल सेडानमध्ये बसवून ओल्या उतारावर उलटी घ्यायला लावा, मग बघा. काही बोटींवर चढताना नाहीतर उतरताना रिव्हर्स घ्यावीच लागते.

तिसरा_गिअर
रिव्हर्सचं खरं. आणि जेटीवरून उतरताना परदेशवाले हमखास उजवीकडे लागतात. रस्ता मोकळा दिसला की जुनी सवय वर येते. पंपातून बाहेर पडतानाही तेच. गर्दीत काही होत नाही, पुढच्याच्या मागे जातात.

मालवणी_तिखट
यापेक्षा वाईट म्हणजे गाडी पुळणीवर नेणारे. ओल्या वाळूवर छान पळते, वळताना कोरड्यात चाक रुतलं की ॲक्सिलरेटर दाबत बसतात आणि ॲक्सल टेकतो. मग भरती चढायला लागते आणि ट्रॅक्टरवाल्याचा भावही. गाडी नारळाच्या बागेत लावा आणि चाला!

फिरस्ता_७४
बरं बाबा, श्रीवर्धनवालं लूप चांगलं आहे. गुहागर पुढच्या खेपेला. खूश?

सॅनहोजेकर
ज्यांच्यासाठी भांडताय ते आम्हीच 😄 दोन शंका. २१ च्या पहाटे २ ला उतरतोय, तर हॉटेल २१ तारखेचं बुक केलंय, बरोबर ना? आणि बायकोला वळणांवर मळमळतं. अ‍ॅव्होमिन चालेल?

खाडीपलीकडे
२० तारखेपासून दोन रात्रींचं करा. नुसतं २१ चं घेतलंत तर चेक-इन दुपारी, आणि तुम्ही पहाटे चारला लॉबीत बॅगांवर बसलेले. हॉटेलला मेल टाका की पहाटे येतोय, नाहीतर नो-शो म्हणून खोली सोडतात. अ‍ॅव्होमिन निघण्याआधी तासभर, फक्त मागे बसणाऱ्याने. भयंकर झोप येते, स्टिअरिंगवाल्याने हातही लावायचा नाही. आणि २१ च्या दुपारी साडेतीनला खोलीत एकटे बसू नका, बाहेर उन्हात फिरा. आडवे झालात की रात्री ११ ला उठाल.

तिसरा_गिअर
ड्रायव्हरचा फोन नंबर आदल्या रात्री मिळतो, तेव्हाच विचारा की दादा, जेवलात का, झोपलात का.