शब्दचर्चा: ‘जळीत क्षेत्र’, ‘भाकीत’ आणि पाचोळ्याचा ‘ओलावा’

प्रश्न : ईशान्य पोर्तुगालमधल्या मोंतेसिन्यो नैसर्गिक उद्यानातल्या वणव्यांवर लिहिते आहे. तिथल्या २००० ते २००३ मधल्या ५१७ नोंदी घेऊन कोर्तेझ आणि मोराइश यांनी २००७ मध्ये मशीन लर्निंगने, म्हणजे जुन्या नोंदींवरून संगणकाला शिकवून, किती क्षेत्र जळेल हे काढून पाहिलं. त्याला ‘वणव्याचा विस्तार’ म्हणू की ‘जळीत क्षेत्र’? आणि ‘भाकीत’ चालेल ना?

– ‘जळीत क्षेत्र’च. विस्तार आग पेटती असतानाही सांगता येतो. इथला आकडा ती विझल्यावरचा, हेक्टरमधला आहे. ‘जळीतग्रस्त’मुळे शब्द ओळखीचाही आहे. फक्त ‘शून्य’ जपून वापरा. ५१७ पैकी २४७ नोंदींत क्षेत्र शून्य आहे, पण तिथे आग लागली होती. १०० चौरस मीटरपेक्षा कमी, म्हणजे साधारण गुंठाभरही न जळलेलं रान शून्य धरलंय. ‘काहीच जळलं नाही’ असं लिहिलंत तर चुकेल.

– ‘भाकीत’ नको. भाकीत खरं ठरतं नाहीतर खोटं. ‘अंदाज’ किती हेक्टरने चुकला ते विचारता येतं, आणि इथे सगळा प्रश्न तोच आहे. दर वेळी जळीत क्षेत्राची नुसती सरासरी सांगितली तर चूक सरासरी १८.६१ हेक्टर, तापमान, पाऊस, आर्द्रता आणि वारा एवढंच दिलेल्या सपोर्ट व्हेक्टर मशीन या मशीन लर्निंग पद्धतीची १२.७१. पण चुकांचा वर्ग करून मोजलं, म्हणजे मोठ्या चुकांना जास्त वजन दिलं, की ती सरासरीच्या पुढे जात नाही. लहान आगी तिला बऱ्या जमतात, शेकडो हेक्टर खाणारा वणवा निसटतो. लेखात हे यायलाच हवं, नाहीतर वाचकाला वाटेल वणव्यांचं कोडं सुटलं.

प्रश्न : पटलं, ‘अंदाज’च ठेवते. त्या नोंदींत वणव्याचा धोका मोजायच्या कॅनडाच्या पद्धतीचे निर्देशांकही आहेत. त्यातल्या एफएफएमसीला (फाइन फ्युएल मॉइश्चर कोड) ‘पाचोळ्याचा ओलावा’ लिहिलंय.

– नावात ओलावा आहे खरा, पण आकडा चढतो तो पाचोळा वाळेल तसा. ‘ओलावा ९२’ वाचून कुणालाही रान भिजलेलं वाटेल, आणि असतं ते काडी लावताच पेटेल असं. ‘पाचोळ्याचा वाळकेपणा’ लिहा. दुसरा निर्देशांक डीसी (ड्रॉट कोड) हा खालच्या घट्ट कुजलेल्या थराचा. तो वाळायला कित्येक आठवडे लागतात, म्हणून त्याला ‘खोल थराचा कोरडेपणा’. दोन्हींना ‘कोरडेपणा’ म्हटलंत तर चार उन्हांत वाळणारा पाचोळा आणि अख्ख्या उन्हाळ्यात सुकणारी जमीन यांतला फरक पुसला जाईल.