मोबाईलच्या जीपीएसवर धुरा ठरतो का? चुलत भावाशी वाद चालूय, जाणकारांनी सांगा

काळीमाती_औसा:
नमस्कार मंडळी. आमचं औसा तालुक्यात तीन एकर रान आहे आणि लागूनच चुलत भावाचं. मधला धुरा, म्हणजे बांध, वडिलांच्या काळापासून तिथंच आहे, निदान मला तरी तसंच वाटतं. पण मागच्या महिन्यात भावाच्या पोरानं मोबाईलमधी एक ॲप घेतलं, त्यात गटाची रेघ उपग्रहाच्या फोटोवर दिसती, आणि ती रेघ सरळ माझ्या सोयाबीनमधून चाललीय, धुऱ्यापासून 10 फूट आत. तेव्हापासून ते म्हणायलेत तुम्ही धुरा कोरला, 10 फूट सोडा. धुऱ्याची लांबी 400 फुटाच्या आसपास आहे म्हणजे 4000 चौरस फूट, साडेतीन गुंठ्याच्या वर जातंय. मी स्वतः मोबाईल घेऊन धुऱ्यावर उभा राहिलो तर निळा ठिपका कधी त्यांच्या रानात कधी माझ्या रानात, एका जागी थांबतच नाही. आता खरं काय धरावं? दोन घरांचं बोलणं बंद झालंय, आईला त्याचाच जास्त त्रास व्हायलाय.

रोव्हरवाला_लातूर:
दादा मी खाजगी मोजणीचं काम करतो, 9 वर्षं झाली. आधी मोबाईलचं सांगतो. मोकळ्या आभाळाखाली चांगल्या मोबाईलचा जीपीएस सुद्धा 3 ते 5 मीटर इकडंतिकडं दाखवतो, झाडाखाली किंवा भिंतीजवळ त्याहून वाईट. उपग्रह 20 हजार किलोमीटर वर आहेत, तिथून सिग्नल यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतात, आणि वेळेत एक सेकंदाचा अब्जावा भाग चुकला तरी एक फूट फरक पडतो. वरच्या हवेच्या थरात सिग्नल जरा रेंगाळतो तेवढ्यानं सुद्धा मीटरमधी चूक येते. तुमचा वाद 10 फुटाचा म्हणजे 3 मीटरचा. ज्याची चूकच 3 ते 5 मीटर त्यानं 3 मीटरचा निकाल कसा द्यायचा तुम्हीच सांगा.

दुसरं, ती रेघ. ती आली कुठून? गावचा जुना कागदी नकाशा स्कॅन करून फोटोवर बसवलेला असतो. कागद आक्रसलेला असतो, बसवताना सरकतो, आणि खालचा उपग्रहाचा फोटो सुद्धा तंतोतंत जागेवर असतोच असं नाही. शेजारचे चार गट बघा, सगळ्याच रेघा एकाच दिशेला 10 फूट सरकलेल्या दिसल्या तर धुरा नाही, नकाशा सरकलाय. हे आजच बघून घ्या, पाच मिनिटाचं काम आहे.

आमचं रोव्हर मशीन वेगळं असतं, त्याला पक्क्या जागेवरच्या स्टेशनकडून दुरुस्ती मिळत राहते म्हणून ‘फिक्स’ लागलं की 2-3 सेंटीमीटरमधी बसतं. फ्लोटवर, म्हणजे मशीन अजून पक्कं बसलेलं नसताना, घेतलेले पॉइंट मी स्वतः धरत नाही.

शिवार_परभणी:
आमच्यात पण असंच झालं होतं भाऊ. मेहुण्यानं ॲप लावून रानाभोवती चक्कर मारली, 38 गुंठे भरलं, लगेच दोन गुंठे गेले म्हणून बोंब. दुसऱ्या दिवशी तोच माणूस तेच ॲप तीच चक्कर, 41 गुंठे! एकराचं रान चौकोनी धरलं तर एक बाजू 208 फूट येते, एका बाजूला 3 मीटर चुकलं की जवळपास दोन गुंठे गेलेच. ई-पीक पाहणीला फोटो काढायला, विहीर कुठं ते नोंदवायला मोबाईल भारी आहे, पण धुऱ्यासाठी नको रे बाबा.

सरळ भूमी अभिलेखला हद्द कायम मोजणीचा अर्ज टाका. लगतच्या सगळ्यांना नोटीस जाते त्यामुळे नंतर कुणी मला माहीतच नव्हतं म्हणू शकत नाही. आणि मोजणी मान्य नसली तर निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येते. आमची तारीख तीनदा पुढं गेली, पण ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात आल्यावर वाद मिटला.

रिमोटसेन्सिंग_विद्यार्थिनी:
दादा अजून एक करून बघा. कॉम्प्युटरवर गुगल अर्थ प्रो फुकट मिळतं, त्यात जुन्या वर्षांचे फोटो बघता येतात. तुमच्या रानात विहीर किंवा जुनं झाड असेल तर प्रत्येक वर्षीच्या फोटोत तिथपासून धुऱ्यापर्यंतचं अंतर मोजा. अख्खा फोटो सरकलेला असला तरी विहीर आणि धुरा दोन्ही सोबतच सरकतात, त्यामुळं मधलं अंतर बऱ्यापैकी खरं राहतं. 10 फूट धुरा हलला असेल तर तिथं दिसेल. फक्त त्यावरून धुरा हलला का एवढंच कळतं, मालकी कुणाची ते नाही कळत.

सेंटिनेल-2 या युरोपच्या उपग्रहांच्या फुकट फोटोंच्या नादी मात्र यासाठी लागू नका, त्याचा एक ठिपका 10 मीटर बाय 10 मीटरचा, म्हणजे बरोबर एक आर, तुमचा 10 फुटाचा अख्खा वाद एका ठिपक्याच्या रुंदीत बुडून जाईल. त्याचा उपयोग वेगळा आहे. दोन उपग्रह मिळून दर 5 दिवसाला येतात, सोयाबीन कुठल्या पट्ट्यात मार खायलंय ते डोळ्याला पिवळं दिसायच्या आधी कधी कधी त्यात कळतं. पावसाळ्यात ढग आडवे येतात तेव्हा सेंटिनेल-1 चं रडार ढगातून बघतं, नदीकाठी पाणी कुठवर पसरलं होतं ते काढायला तेच वापरतात.

जुनीकागदं_बीड:
रोव्हरवाले बरोबर बोलले पण एक राहिलं. मशीन कितीही बारीक मोजू दे, ते मोजून जुळवायचं कशाशी? आपल्याकडं मराठवाड्यात निजामाच्या काळचं रेकॉर्ड, त्यावर 1954 चा खासरा, म्हणजे जमिनीची जुनी नोंद, मग सर्व्हे नंबरचे गट झाले, आणि त्यात भरपूर ठिकाणी गडबड झालेली आहे. मोजणीआधी सर्व्हे नंबरचं टिपण, म्हणजे जुन्या मोजणीचा मापासकट कच्चा नकाशा, गटाचा नकाशा आणि खासऱ्याची नक्कल काढून ठेवा. मोजणीदार आले की शिवेचे जुने दगड दाखवा, गावात म्हाताऱ्या माणसाला ठाऊक असतात.

काळीमाती_औसा:
सगळ्यांचे लय आभार. रोव्हरवाल्या दादांनी सांगितलं तसं आत्ताच बघितलं, आमच्या वरचे तीन गट आणि पांदण रस्ता, सगळ्याच्या रेघा पूर्वेला सरकलेल्या आहेत, पांदणीची रेघ तर समोरच्याच्या ज्वारीतून जायलीय. मग आमच्या घरच्या पुतण्याकडून विहिरीपासून धुऱ्याचं अंतर काढून घेतलं, 2013 च्या फोटोत 61 फूट आणि 2022 च्यात 60 फूट. ताई, हा एक फुटाचा फरक धरायचा असतो का?

रिमोटसेन्सिंग_विद्यार्थिनी:
नाही दादा, फोटोतला एक ठिपकाच दीड-दोन फुटाचा असतो, एक फूट म्हणजे मोजताना माऊस हलला एवढंच समजा. दोन्ही फोटो तारखेसकट सेव्ह करून ठेवा.

काळीमाती_औसा:
ठेवले. उद्या चुलत भावाच्या पोराला घरी बोलावलंय, त्याच्याच मोबाईलवर पांदणीची रेघ दाखवतो. मोजणीचा अर्ज मात्र आम्हा दोघा भावांच्या सह्यांनी टाकायचा असं आईचं म्हणणं आहे, चुलत भाऊ हो म्हणाला तर सोमवारीच जाऊ.