कोथिंबीर तुऱ्यावर आली की काय करता? दारच्या बियांचे अनुभव

यंदा मार्चातच ऊन तापलं आणि कुंडीतली कोथिंबीर तुऱ्यावर गेली. उपटणार होते, तर सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, धने धरतील." वाटीभर निघाले! तुम्ही दारचं बी पेरता का फोडणीत घालता? सांगा.

लातूरहून : थोडे धने हिरवे असतानाच खुडा. लसूण, हिरवी मिरची, शेंगदाणे आन् मीठ घालून पाट्यावर वाटा. वाळल्या धन्याला तो वास नाही. बाकीचे तपकिरी व्हायला लागले की सकाळी दवातच झाडं काढा. दुपारी हात लावला की निम्मे धने मातीत. सावलीत वाळवून आम्ही येसराला वापरतो. (गहू, हरभऱ्याची डाळ, धने भाजून दळायचं, आमटी त्याच पिठाची.) पेरायचे वेगळे ठेवून चपलेखाली हलकेच रगडायचे. एका धन्यात दोन बिया असतात, फाका झाल्या की लवकर उगवतात. पहिल्या वर्षी मी येसरासाठी भाजलेल्या डब्यातलेच पेरले. तीन आठवडे पाणी घालायले! घरात अजून हसायलेत.

परभणीहून : शेपूची भाजी म्हटलं की पोरं ताट सरकवतात. तिचंच बी म्हणजे बाळंतशोप. ती ओवा, तीळ, खोबऱ्यासोबत भाजून ठेवली की डबा चार दिवसांत रिकामा.

बीडहून : माझी फजिती ऐका. भज्यांसाठी जाड, लवदार पानांचा ओवा लावलाय. दोन वर्षं ओव्याची वाट बघितली. मग शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, हा पानओवा. फोडणीतल्या ओव्याचं झाड निराळं, पानं शेपूसारखी बारीक." आता भजी खाते, ओवा दुकानातून आणते.

नांदेडहून : मेथीच्या शेंगा पिवळ्या पडल्या की लगेच काढा, तडकल्या तर दाणे वेचत बसावं लागतं. मोड आणून उसळ करते. कडूच लागते, गूळ घातला तरी.

धाराशिवहून : आजी बियाणं चुलीच्या राखेत घालून मडक्यात ठेवायची, वर लिंबाचा पाला. मी काचेच्या बरणीत ठेवलं, नीट वाळलं नव्हतं, श्रावणात बुरशी. आता दाताखाली कटकन फुटल्याशिवाय झाकण लावत नाही.

पुन्हा लातूरहून : बीडच्या ताई, पानओव्याची फांदी खोचली तरी जगते. बियांचं काय घेऊन बसलात! एक फांदी मलाच द्या.