मदत हवी आहे : आईच्या खुब्याचं ऑपरेशन, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत करणारे हाडांचे डॉक्टर (यवतमाळ/वर्धा)

नमस्कार मंडळी,

घाटंजी तालुक्यातलं आमचं गाव. सोमवारी पहाटे आई (वय ६८) न्हाणीत घसरली, डावा पाय टेकवेचना. शेजारचे काका म्हणे आधी मालिश करून पाहू. नशीब, ऐकलं नाही. यवतमाळला एक्स-रे काढला तर खुब्याजवळ हाड मोडलेलं. शुगर आहे, पडून राहिली तर पाठीला जखमा होतील, लवकर ऑपरेशन करा म्हणाले.

त्याच खाजगी दवाखान्यात खर्च विचारला, दीड लाख. कापूस अजून वावरातच उभा आहे. दाराशी महात्मा फुले योजनेचा बोर्ड पाहून तिथं योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला गाठलं, तर तो म्हणतो, "दादा, दवाखाना योजनेत आहे, पण हाडांचं काम नाही." यादीतल्या प्रत्येक दवाखान्यात प्रत्येक विभाग नसतो, हे तिथं कळलं. तोवर यादी बघून फोन लावण्यात एक दिवस गेला होता.

राशन कार्ड केशरी आहे. आधारवर आईच्या नावापुढे 'बाई' लागलंय, राशन कार्डावर नाही. यावरून कोणाचं अडलं का?

यवतमाळचं शासकीय मेडिकल, की वर्ध्याकडचे सेवाग्राम, सावंगीचे दवाखाने? यंदा तिथं कोणी खुब्याचं ऑपरेशन योजनेतून केलं असेल तर सांगा, नंबर किती दिवसांनी लागला? रॉड, प्लेट बाहेरून आणायला लावली का? नागपूरचं नाव काढलं की आई म्हणते, "तिथं माह्या वयखीचं कोन हाये?"

प्रतिसाद १ :
भाऊ, योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ ला फोन करा आणि नुसता 'दवाखाना' विचारू नका, 'अस्थिरोग' म्हणून विचारा. रॉड, प्लेट, औषध, जेवण पॅकेजमध्येच येतं. आधी पैसे भरून ऑपरेशन करू नका, योजना कॅशलेस आहे, नंतर परतावा मिळत नाही. मंजुरी आली की मगच. नावाचं आजच आरोग्यमित्राला दाखवा, माझ्या सासऱ्यांचं त्यातच दोन दिवस अडकलं होतं.

धागाकर्ता :
धन्यवाद दादा. फोन लागला, सेवाग्रामला विचारायला सांगितलं. सकाळी गाडी ठरवतोय. घाटंजीकडून खड्डे कमी असलेला रस्ता कोणता, तेही सांगा. धक्का बसला की आई ओरडते.