जमिनीचा हक्क आधी
शहरात सामूहिक भाजीबागेसाठी मोकळी जागा आणि पाण्याची सोय झाली की गरीब वस्तीला स्वस्त, ताजी भाजी मिळू लागेल, असे म्हटले जाते आणि ते मला पटते; मात्र जमिनीवरचा हक्क त्याहून कळीचा आहे. लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागात १९९२च्या दंगलीनंतर सुमारे १४ एकरांवर साडेतीनशेच्या आसपास कुटुंबे, बहुतेक लॅटिन अमेरिकेतून आलेली, मका, पेरू, फड्या निवडुंगाची कोवळी पाने अशी आपल्या रोजच्या जेवणातली पिके काढत असत. नगर प्रशासनाने ती जमीन २००३ साली पूर्वीच्या मालकाला विकली आणि जून २००६मध्ये, विरोध म्हणून काही जण झाडावर चढून बसले असतानाही, उभ्या पिकावर बुलडोझर फिरवला गेला. म्हणून वाफे आखण्याआधी दीर्घ मुदतीचा लेखी भाडेपट्टा पदरात पाडून घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पेरूला फळ धरायलाच दोन-तीन वर्षे लागतात.