पदवीच्या प्रॅक्टिकलमध्ये संशोधन: द्यावं की नाही?

प्रमाणद्रावण
आधीच्या चर्चेत एकाने ठासून लिहिलं होतं, “पहिल्या वर्षाच्या मुलांना टायट्रेशन धड येत नाही, त्यांना संशोधन कसलं देता? आधी हात बसू द्या.” याला दोन ओळीत उत्तर देता येत नाही, म्हणून वेगळा धागा.

हात बसवायला म्हणून जे प्रॅक्टिकल घेतलं जातं, त्याचं उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. ब्युरेटची तीन रीडिंग जुळली नाहीत की ती खोडून जुळवली जातात. हात बसतो तो रीडिंग जमवण्यात. शिक्षकालाही उत्तर माहीत नसेल, तर जमवणार कशाशी?

अमेरिकेतल्या हॉवर्ड ह्यूज संस्थेचा २००८ पासून चाललेला सी-फेजेस उपक्रम बघा. त्यात विद्यार्थी मातीतून फेज, म्हणजे जिवाणूंना मारणारे विषाणू, शोधतात. मातीचा अर्क ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचा, मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस या जिवाणूबरोबर टॉप अगारमध्ये (पातळ जेलीसारख्या माध्यमात) मिसळून ओतायचा, ३७ अंशांवर एक-दोन दिवस ठेवून प्लाक, म्हणजे फेजने जिवाणू मारल्यामुळे पडलेले पारदर्शक ठिपके, शोधायचे. डर्बनमध्ये अशाच कोर्सात कुजक्या वांग्यावरून मिळालेला ‘मडी’ हा फेज पुढे सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसांवर परिणाम करणारा आनुवंशिक आजार असलेल्या एका मुलीच्या उपचारात वापरला गेला. २०१९ साली ते प्रसिद्धही झालं. सी-फेजेसचा कोर्स मुख्यतः पहिल्या वर्षाच्या मुलांसाठीच असतो.

निर्जंतुक
दर वेळी ‘मडी’च पुढे केला जातो. वेळापत्रकाचं बोला. एक प्लाक शुद्ध करायला निदान तीन फेऱ्या लागतात. आठवड्याला एकच प्रॅक्टिकल असेल तर त्यातच तीन आठवडे गेले, आणि मधे एका प्लेटवर बुरशी आली की चौथाही गेला. माध्यमं करणं, ऑटोक्लेव्ह लावणं, मधल्या दिवशी प्लेटा काढून फ्रीजमध्ये ठेवणं हे कोण करतं? लॅब असिस्टंट. त्यांचा उल्लेख या कौतुकात कुठेच नसतो, याचा मला मनापासून राग आहे.

तळटीप
टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या अशा उपक्रमावर २०१६ चा अभ्यास आहे. तीन सत्रं पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्यांचं, नोंदीवरून त्यांच्यासारखेच म्हणून जोडी लावलेल्या इतर विद्यार्थ्यांपेक्षा, विज्ञानाची पदवी घेऊन बाहेर पडण्याचं प्रमाण जास्त होतं.

निर्जंतुक
जोडी लावली ती नोंदीत असलेल्या गोष्टींवरून. हौस नोंदीत नसते. हौशी मुलं तशीही टिकतात.

भिंग
तुमचा वाद चालू द्या, पण प्लाक न दिसण्याचं खरं कारण कुणीच लिहिलं नाही. स्मेग्मॅटिसच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून कल्चरमध्ये ट्वीन (साबणासारखं रसायन) घालतात, आणि ट्वीन राहिलं तर फेज पेशीला चिकटत नाही. प्लेट स्वच्छ पांढरी येते आणि विद्यार्थी लिहितो, “या मातीत फेज नाही.” १ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइडही लागतं, पण ते माध्यम गार झाल्यावर घालायचं, गरम असताना घातलं तर फॉस्फेटबरोबर साका बसतो. म्हणून प्रत्येक बॅचला ओळखीच्या फेजचा पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे प्लाक यायलाच हवेत अशी तुलनेची प्लेट, हवीच.

निर्जंतुक
तोच कंट्रोल घात करतो! एका टेबलावर ओळखीचा फेज उघडला की अर्ध्या बॅचला तोच ‘सापडतो’. नवखे हात, एकच टिप दोन नळ्यांत. माझा मुद्दा याहून स्पष्ट कसा करू?

भिंग
म्हणून कंट्रोल काढून टाकायचा? मग पांढऱ्या प्लेटचा अर्थच लावता येणार नाही. क्रम ठरवा: आधी निगेटिव्ह (फेज न घातलेली प्लेट), मग आपला नमुना, पॉझिटिव्ह सगळ्यात शेवटी, वेगळ्या टेबलावर, फिल्टर टिपने. शंका आली तर दोन्हींचा डीएनए एकाच रिस्ट्रिक्शन एन्झाइमने (डीएनए ठरावीक जागी कापणाऱ्या प्रथिनाने) कापून, तुकडे आकाराप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलवर शेजारी चालवा. पट्टे तंतोतंत जुळले तर तो बहुधा कंट्रोलच आहे, नवा शोध नाही.

निर्जंतुक
जेलपर्यंत पोचेस्तोवर दोन महिने वाया गेलेले असतात.

प्रमाणद्रावण
वाया कसे? चूक कुठून शिरली ते पुराव्यानिशी शोधणं, हेच शिकवायचं आहे ना!

निर्जंतुक
ते मान्य, पण एका अटीवर. पहिले दोन आठवडे माती नाही, फक्त पिपेट. ०.१ मिलिग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या तराजूवर १०० मायक्रोलिटर पाणी दहा वेळा तोला. दर वेळी ०.१ ग्रॅमच्या आसपास आलं पाहिजे. मग दहापटीची सहा विरलनं (दर नळीत आधीच्यापेक्षा दहापट पातळ), प्रत्येक पायरीला नवी टिप. दहापटीऐवजी नऊपट होत असेल तर सहाव्या नळीपर्यंत आकडा जवळपास दुपटीने चुकतो. हे जमल्याशिवाय माती हातात नाही.

प्रमाणद्रावण
दोन आठवडे ठीक. आख्खं वर्ष नाही.

तळटीप
आणि गुण? फेज मिळाला की पूर्ण गुण असं ठेवलंत तर बुडबुड्यालाही प्लाक म्हटलं जाईल, रीडिंग जमवणं परत आलंच. गुण वहीला द्या: तारीख, विरलन, प्लेटचा फोटो, कंट्रोलचा निकाल आणि पुढच्या वेळी काय बदलणार ते. फेज न मिळालेल्यालाही पूर्ण गुण मिळायला हवेत.

निर्जंतुक
वही तपासायला माणसं द्या, मग बोलू.