भारत आणि चीनच्या कठीण लाकडाच्या आयातमूल्याची तुलना कशी करावी?

प्रश्न: दोन्ही देशांच्या 2010 ते 2020 या काळातील आयातमूल्यांचा आलेख मी तयार करत आहे. म्यानमारने 1 एप्रिल 2014 पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. या बंदीचा परिणाम वेगळा कसा ओळखावा?

उत्तर 1: सीमाशुल्काच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील केवळ 4403 या शीर्षाखालील (क्रमांकाखालील) ओंडके पाहू नका. म्यानमारची बंदी ओंडक्यांवर होती, चिरीव लाकडावर नव्हती, त्यामुळे चिरीव लाकडाचे 4407 हे शीर्षही जोडून पाहिल्याशिवाय खरी घट किती आणि केवळ रूप बदललेला व्यापार किती, हे कळणार नाही. शिवाय भारताचे आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, चीनची आकडेवारी जानेवारीपासून असते. म्हणून मासिक आकडे घ्यावेत.

उत्तर 2: माझे सारे आयुष्य वखारीत गेले, म्हणून कळकळीने सांगतो, मूल्याबरोबर घनमीटरही मांडा. ओंडक्याला फीत गुंडाळून घेर मोजला की फरक हाताला कळतो: म्यानमारच्या जंगलातील जाड, गडद गाभ्याचा साग आणि इक्वेडोरच्या लागवडीतील कमी घेराचा, पांढुरक्या कडेचा साग यांचा भाव एक नसतो. चीनच्या बाबतीत शिसवाच्या जातीचे लाकूड वेगळे काढा, कारण जानेवारी 2017 पासून त्या संपूर्ण प्रजातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाने लागू झाले.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. दोन्ही शीर्षांचे मासिक आकडे डॉलरमध्ये घेऊन प्रति घनमीटर मूल्य काढतो.